तान्ह्या बाळाला कुणी इजा केल्याचा संशय आला, तर एक्स-रे, सीटी, एमआरआय कसे करावेत

कॅज्युअल्टीतून चिठ्ठी येते : वय ४ महिने, डावी मांडी सुजली आहे, पाळण्यातून पडलं, मांडीचा एक्स-रे. फिल्मवर मांडीचं हाड मधोमध मोडलेलं स्पष्ट दिसतं. ऑर्थोपेडिकचा रेसिडेंट प्लास्टरच्या तयारीला लागतो. त्याच फिल्मच्या खालच्या कडेला, गुडघ्याखाली नडगीच्या वरच्या टोकाशी, हाडाची एक बारीक कपची सुटलेली असते. कापलेल्या नखाएवढी. तिथे सूज नसते, वळ नसतो, आणि चिठ्ठीत त्या जागेचा उल्लेखही नसतो.

मांडी कशी मोडली यावर वाद घालता येईल. पाळण्यातून पडून ती कपची मात्र सुटत नाही.

जिल्ह्याच्या गावात रेडिओलॉजी करताना अशा फिल्म वर्षाकाठी थोड्याच समोर येतात, पण एक चुकली की बाळ त्याच घरात परत जातं. पुढच्या वेळी ते मेंदूत रक्तस्राव घेऊन येतं, किंवा येतच नाही. म्हणून हा लेख बालरोगतज्ज्ञ, रेडिओलॉजीचे रेसिडेंट आणि टेक्निशियन यांच्यासाठी सविस्तर लिहिते आहे. पालकांनी वाचला तरी चालेल. आपल्या बाळाचे इतके फोटो का काढले, हे त्यांनाही कळायला हवं.

या विषयाची सुरुवातच एक्स-रेपासून झाली. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन कॅफी यांनी सहा बाळांची माहिती छापली. सगळ्यांच्या मेंदूवर जुना रक्तस्राव होता आणि सहा जणांत मिळून हातापायांच्या लांब हाडांची २३ फ्रॅक्चर होती. कारण सांगणारी हकिगत कुणाकडेच नव्हती. १९६२ मध्ये डेन्व्हरच्या हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी या प्रकाराला ठळक नाव दिलं, तेव्हा कुठे डॉक्टर मंडळी हे मोकळेपणाने बोलू लागली. आपल्याकडे आजही अनेक ठिकाणी संशय आला तरी चिठ्ठीवर ‘पडलं’ एवढंच लिहिलं जातं.

पायरी १ : संशय कधी घ्यायचा

बाळ काय करू शकतं, ते आधी विचारा. पालथं पडता येत नाही अशा बाळाचं हाड मोडलं असेल तर ते कसं, याचं उत्तर मिळायलाच हवं. चार महिन्यांखालच्या बाळाच्या अंगावर कुठेही वळ असेल, किंवा मोठ्या मुलाच्या कानावर, मानेवर, पोट-पाठीवर वळ असेल, तर पुढे तपासा. हकिगत दर वेळी बदलत असेल, दवाखान्यात आणायला दिवस उलटले असतील, तर वेळेसकट लिहून ठेवा.

दोन गोष्टी आपल्या भागातल्या. आपल्या बाळांच्या कमरेवर आणि कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर डाग असतात. ते वळ नव्हेत. वळाचा रंग काही दिवसांत बदलतो, हे डाग तसेच राहतात. फोटो काढून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. दुसरी गोष्ट मालिशीची. ‘मालिशवाल्या बाईंनी जोरात ओढलं असेल’ हे वाक्य बऱ्याचदा ऐकू येतं. ते उडवून लावू नका आणि मुकाट्याने मान्यही करू नका. मालीश कोण करतं, कधीपासून, कशी, हे विचारा आणि कापडी बाहुलीवर करून दाखवायला सांगा. त्या हालचालीचा जोर मोडलेल्या हाडावर खरोखर येतो का, हे मग पाहता येतं.

पायरी २ : आधी बाळाला वॉर्डात घ्या

बाळ घरी पाठवून ‘उद्या एक्स-रेला या’ म्हणू नका. भरती करा, वेदनाशामक द्या, मोडलेला अवयव स्थिर करा. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर केसची, नोंद इथेच होते.

पालकांशी खरं बोला. मी साधारण असं सांगते : “या वयाच्या बाळाचं एक हाड मोडलेलं दिसलं की आम्ही सगळीच हाडं तपासतो. सगळ्याच बाळांना हाच नियम आहे. हाडं मुळात कच्ची आहेत का, तेही यातून कळतं.” यातला शब्दन् शब्द खरा आहे. आवाजात आरोप येऊ देऊ नका. समोर बसलेल्या आईला काहीच ठाऊक नसेल, किंवा मार तिलाही पडत असेल. पालक संमती देत नसतील तर भांडत बसू नका; बालकल्याण समितीकडे जा.

पायरी ३ : डोकं आधी

हाडांचा पूर्ण सर्व्हे चोवीस तासांत, फार तर बहात्तर तासांत व्हावा. दिवसा, हाताशी चांगला टेक्निशियन असताना केला तर उत्तम. डोक्याचा सीटी मात्र बाळ स्थिर झालं की लगेच. एक वर्षाखालच्या ज्या बाळाबद्दल संशय आहे, त्या प्रत्येकाचा सीटी करा, बाळ खेळतं-हसतं असलं तरी. एक वर्षावरच्या मुलाला फिट, सुस्ती, उलट्या किंवा डोक्याला बाहेरून इजा असेल तर करा.

कॉन्ट्रास्ट लागत नाही. पातळ स्लाइस घ्या आणि कवटीचं थ्रीडी चित्र करून घ्या. कवटीच्या शिवणी आणि फ्रॅक्चर यांत गोंधळ होतो, तो थ्रीडीवर बराच मिटतो. दोन गोलार्धांच्या मधल्या फटीत आणि मेंदूच्या कडेने असलेला रक्ताचा पातळ थर नीट शोधा. टाळूतून केलेली सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून थांबू नका, कडेचा पातळ थर तिला दिसत नाही.

सीटीत काही सापडलं किंवा बाळाला मेंदूची लक्षणं असतील, तर दोन ते पाच दिवसांत एमआरआय करा. त्यात डिफ्यूजन आणि रक्त दाखवणारा सिक्वेन्स हवाच, आणि त्याच बैठकीत संपूर्ण मणकाही करून घ्या. डोळ्यांच्या डॉक्टरांना बाहुल्या मोठ्या करून पडदा पाहायला बोलवा.

इथे एक चूक फार होते. सीटीवर रक्ताचा काही भाग पांढरा, काही करडा दिसला की रिपोर्टात ‘जुना व नवा रक्तस्राव’ असं लिहिलं जातं. एकाच दिवशीच्या ताज्या रक्तस्रावातही असे दोन रंग दिसू शकतात. त्यावरून ‘दोनदा मारलं’ असा निष्कर्ष काढता येत नाही. नॉर्मल प्रसूतीनंतरही बऱ्याच बाळांच्या मेंदूवर रक्ताचा पातळ थर असतो. तो बहुतेकांत महिनाभरात आणि उरलेल्यांत तीन महिन्यांच्या आत विरून जातो. बाळ तीन आठवड्यांचं असेल तर हे डोक्यात ठेवा.

पायरी ४ : हाडांचा पूर्ण सर्व्हे

दोन वर्षांखालच्या प्रत्येक संशयित बाळाला हा लागतो. बाळाला एका मोठ्या कॅसेटवर झोपवून डोक्यापासून पायापर्यंत एकच फोटो काढण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. त्याला बेबीग्राम म्हणतात आणि या कामासाठी तो निरुपयोगी आहे. किरण मधल्या भागावर सरळ पडतात, कडेच्या सांध्यांवर तिरके. बाळ हलतं. छातीला जमलेलं एक्स्पोजर मनगटाला जमत नाही. नखाएवढी कपची अशा फोटोत हरवते, आणि ‘सगळं नॉर्मल’ असा कागद मात्र तयार होतो.

एकूण २१ फोटो लागतात. टेक्निशियनने ही यादी लिहून कन्सोलशेजारी चिकटवावी.

- कवटी : समोरून आणि बाजूने (२)
- मान बाजूने, कंबर बाजूने (२)
- छाती : समोरून, बाजूने, उजवी तिरकस, डावी तिरकस (४)
- कमरेचा घेर म्हणजे पेल्व्हिस, समोरून (१)
- दोन्ही दंड, दोन्ही कोपराखालचे हात, दोन्ही पंजे (६)
- दोन्ही मांड्या, दोन्ही नडग्या, दोन्ही पावलं (६)

प्रत्येक अवयव वेगळा घ्या. दंडापासून बोटांपर्यंत एका फोटोत उरकू नका. कुठे शंका आली तर त्या सांध्यावर कोन करून समोरून आणि बाजूने जादा फोटो घ्या. गुडघा आणि घोटा बाजूने घेतले तर मी नेहमी आभार मानते, कारण कपच्या बऱ्याचदा तिथेच असतात. छातीचे तिरकस फोटो सर्वांत जास्त गाळले जातात. बरगड्यांची मागची फ्रॅक्चर त्यांतच नीट दिसतात.

आता खोलीत काय करायचं. आधी खोली गरम करा, एसी बंद. बाळाला दूध पाजून आणा. भूल लागत नाही. कपडे, दुपटं, करदोटा, गळ्यातला ताईत, वाळे सगळं काढा आणि यादी करून नातेवाइकांच्या हवाली करा. काळा मणी बरोबर मनगटावर येतो आणि सगळा फोटो वाया घालवतो. हातापायांना ग्रिड नको. केव्हीपी कमी, फोकल स्पॉट बारीक, कॉलिमेशन घट्ट. उजवा-डावा मार्कर शिशाचाच, एक्स्पोजरच्या वेळी ठेवलेला. नंतर कॉम्प्युटरवर टाकलेल्या ‘आर’वर कोर्टात प्रश्न निघतो.

बाळाला कोण धरणार, हा नाजूक प्रश्न आहे. एरवी आपण आईला ॲप्रन घालून धरायला सांगतो. इथे वॉर्डातली नर्स धरते, गरोदर नसलेली, लेड ॲप्रन आणि गळ्याचा पट्टा घालून, हात किरणांच्या बाहेर ठेवून. एक्स-रे विभागात रोज काम करणाऱ्याने धरू नये. आई खोलीत उभी राहून बाळाशी बोलली तर बाळ शांत राहतं, त्याला माझी हरकत नसते. खोलीत कोण कोण होतं, कोणी धरलं, किती वाजता, हे रजिस्टरमध्ये लिहा. बाळ टेबलावर असतानाच रेडिओलॉजिस्टने सगळे फोटो पाहावेत. जो फोटो हलला, तो तेव्हाच परत.

जुळं भावंड असेल तर त्याचाही सर्व्हे करा. घरात दोन वर्षांखालचं दुसरं मूल असेल तर त्यालाही तपासायला बोलवा.

पायरी ५ : पोट

पोटावर वळ असेल, पोट फुगलं असेल, किंवा यकृताच्या रक्ततपासणीत एसजीओटी-एसजीपीटी ८० च्या वर असेल, तर शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन पोटाचा सीटी करा. यकृत, स्वादुपिंड आणि ड्युओडेनम म्हणजे लहान आतड्याची सुरुवात पाहा. नॉर्मल सोनोग्राफीने या इजा नाकारता येत नाहीत.

पायरी ६ : फोटो वाचताना

सगळी फ्रॅक्चर सारखं वजन वाहत नाहीत. पेल्यावरून सांगते, कारण कपचीचं गूढ त्यातच उकलतं.

बाळाच्या लांब हाडाच्या टोकाला, वाढीच्या कूर्चेला चिकटून, कोवळ्या हाडाचा पातळ थर असतो. हातपाय धरून पिळले, झटका दिला, किंवा बाळाला गदागदा हलवताना हातपाय हवेत फेकले गेले, की हा थर चकतीसारखा आडवा सुटतो. चकतीची कड जाड, मधला भाग पातळ. डोळ्यांच्या उंचीला धरलेला पेला बाजूने पाहिला तर त्याच्या काठाची एक रेष दिसते. जरा कलवला की तोच काठ अर्धवर्तुळ होतो. या चकतीचंही तसंच. किरण सरळ पडले तर कोपऱ्यातली कपची दिसते, तिरके पडले तर बादलीची कडी. नावं दोन, इजा एकच. गुडघ्याच्या वरचं-खालचं टोक, घोट्यावरचं टोक आणि दंडाचं वरचं टोक या तिच्या जागा. वर सूज नाही, वळ नाही, आणि भरून येताना बऱ्याचदा कॅलस म्हणजे नव्या हाडाची गाठही नाही. म्हणून ती पाहणाऱ्यालाच दिसते.

दुसरी महत्त्वाची जागा बरगडीच्या मागच्या टोकाची, मणक्याला जोडलेल्या भागाशी. मोठ्या माणसाच्या दोन्ही हातांत बाळाची छाती आवळली गेली की बरगडी मणक्याच्या आडव्या टोकावर तरफेसारखी वाकते आणि तिथेच मोडते. सीपीआर दिला होता असं सांगितलं जातं. सीपीआरने क्वचित मोडल्याच तर बरगड्या पुढून किंवा बाजूने मोडतात. स्कॅप्युला म्हणजे खांद्याचं पातं, छातीचं मधलं हाड, मणक्याची मागची टोकं यांची फ्रॅक्चरही तितकीच गंभीर घ्या. वेगवेगळ्या वयाची अनेक फ्रॅक्चर असतील तर संशय बळावतो.

याउलट कॉलर बोनचं फ्रॅक्चर, किंवा कवटीवरची एक सरळ रेघ, ही खाटेवरून, झोळीतून खरोखर पडूनही होऊ शकते. चालायला लागलेल्या मुलाची नडगी पाय मुरगळून तिरकी चिरते. ही फ्रॅक्चर हकिगतीशी जोडूनच वाचा.

वय ठरवताना हात राखून लिहा. पहिले काही दिवस फक्त सूज आणि धारदार कडा. साधारण सातव्या ते दहाव्या दिवसापासून हाडाभोवती नव्या हाडाची बारीक रेघ. दुसऱ्या आठवड्याच्या पुढे मऊ कॅलस, मग घट्ट कॅलस, मग महिनोन् महिने आकार जुळत राहतो. कवटीला कॅलस येत नाही, तिचं वय सांगता येत नाही. प्रसूतीत मोडलेल्या कॉलर बोनवर बाळ दोन आठवड्यांचं होईतो कॅलस दिसायलाच हवा. दिसत नसेल तर ती इजा जन्मानंतरची. आणि एक ते चार महिन्यांच्या निरोगी बाळांच्या मांड्या-नडग्यांवर दोन्ही बाजूंना सारखी, दोन मिलिमीटरपेक्षा पातळ रेघ असते. ती वाढीची आहे, तिला फ्रॅक्चर म्हणू नका.

पायरी ७ : निरपराध घर वाचवा

हाही त्याच रिपोर्टाचा भाग आहे. आपल्याकडे मुडदूस अजून दिसतो. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, ड जीवनसत्त्व आणि पीटीएच करा. मनगटाशी हाडाची टोकं पसरट, कपासारखी, झिरझिरीत असतील तर मुडदूस. पण रक्तात ड जीवनसत्त्व कमी आहे एवढ्यावर फ्रॅक्चरचं खापर फोडू नका. एक्स-रेवर मुडदूस दिसत नसेल तर निव्वळ कमी आकडा पुरेसा नाही.

ठिसूळ हाडांच्या जन्मजात आजारात डोळ्यांचं पांढरं निळसर दिसतं, कवटीत जादा तुकडे असतात, घरात कुणाची हाडं वारंवार मोडलेली किंवा ऐकू कमी येणारी असतात. जनुकीय तपासणी पाठवा. कमी दिवसांच्या, आठवडेच्या आठवडे काचेच्या पेटीत राहिलेल्या बाळांची हाडं कच्ची असतात. जन्मजात सिफिलिसमध्ये हाडांची टोकं कुरतडल्यासारखी दिसतात, म्हणून व्हीडीआरएल ही सिफिलिसची रक्ततपासणी.

मेंदूवरच्या रक्तस्रावासाठी एक प्रश्न कधीच विसरू नका : जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन मिळालं होतं का? घरी बाळंतपण झालेलं, फक्त अंगावर पिणारं, दीड-दोन महिन्यांचं बाळ अचानक सुस्त होऊन येतं. त्याला कुणी हातही लावलेला नसतो. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी प्रोथ्रॉम्बिन टाइम ही तपासणी लगेच पाठवा, व्हिटॅमिन के देण्याआधीचा नमुना जपा. हिमोफिलियाही पाहा. ग्लुटारिक ॲसिडुरिया नावाचा चयापचयाचा दुर्मिळ आजारही असा रक्तस्राव घडवतो. त्यात मेंदूच्या बाजूच्या फटी रुंद दिसतात.

पायरी ८ : रिपोर्ट आणि कायदा

प्रत्येक फ्रॅक्चर वेगळं लिहा : कोणतं हाड, कोणती जागा, कोणता प्रकार, भरण्याची अवस्था, अंदाजे काळ, आणि अशी इजा कशा जोराने होते. शेवटी सांगितलेली हकिगत या इजांशी जुळते की नाही, ते स्पष्ट लिहा. ‘जुळत नाही’ लिहायला कचरू नका. कुणी केलं हे एक्स-रेत दिसत नाही, ते लिहू नका. जमलं तर दुसऱ्या रेडिओलॉजिस्टने स्वतंत्रपणे वाचावं. गंभीर काही दिसलं की बालरोगतज्ज्ञांना फोन करा आणि फोनची वेळ रिपोर्टात नोंदवा.

दुसऱ्या शहरातल्या बाल-रेडिओलॉजिस्टचं मत हवं असेल तर मूळ डायकॉम फाइल पाठवा. व्हॉट्सॲपवर फोटो दाबला जातो आणि कपची पुसली जाते. शिवाय बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा बाळाची ओळख माध्यमांत उघड करणं गुन्हा आहे. डॉक्टरांच्या ग्रुपवर नावासकट फिल्म टाकण्याची सवय इथे सोडावीच लागेल. मूळ फाइली जपा; कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं.

पोलिसांना एमएलसीतून कळवा, बालकल्याण समितीला लेखी कळवा. १०९८ हा बालकांसाठीचा मदतीचा नंबर आहे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो कायद्याने कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, डॉक्टरवरही.

पायरी ९ : चौदावा दिवस

सर्वांत जास्त गाळली जाणारी पायरी ही. पहिल्या दिवशी न हललेलं बरगडीचं फ्रॅक्चर उत्तम फोटोतही दिसत नाही. ११ ते १४ दिवसांनी, फार तर २८ दिवसांच्या आत, पुन्हा सर्व्हे करा. कवटी सोडा, मणका आणि पेल्व्हिस पहिल्या वेळी स्वच्छ असतील तर तेही सोडता येतात. छातीचे समोरचे आणि तिरकस फोटो, आणि हातपाय मात्र सगळे.

बाळ परत येईल याची सोय पहिल्याच दिवशी करावी लागते. आमच्याकडे निम्मं गाव दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघून जातं, चौदाव्या दिवशी कुटुंब कुठल्या कारखान्यावर असेल सांगता येत नाही. म्हणून तारीख डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहा, आशाताईंना द्या, बालकल्याण समितीच्या पत्रातही टाका. मुकादमाचा फोन नंबर मागून घ्या, तो हमखास चालू असतो.

लेखाच्या सुरुवातीला सांगितलं तसं बाळ चौदाव्या दिवशी आलं, की मी आधी तिरकस छाती उघडते. पहिल्या फोटोत गुळगुळीत वाटलेल्या बरगड्यांवर, मणक्याजवळ, एकाखाली एक मण्यांसारखे गाठाळ कॅलस आले आहेत का, ते मोजते. मग पहिला आणि आजचा फोटो शेजारी ठेवून पुरवणी रिपोर्ट लिहिते, आणि तो त्याच दिवशी समितीकडे जातो.